ललिताबाईचे एका दुपारचे दात

सडक अर्जुनीत लग्नाचं ब्लाउज शिवायचं म्हटलं की बायका आधी ललिता रामटेकेचं नाव घेतात आणि तारीख धरायला तिच्या ओसरीत जाऊन बसतात. बाहीत चूण पडू देणार नाही, गळा ओघळू देणार नाही. बाई जाडी असो की वाळकी, आरशात पाहिल्यावर तिला स्वतःचं कौतुक वाटलं पाहिजे, असा ललिताचा कट. बोलायला तिखट, गायला गोड. पौर्णिमेच्या वंदनेला विहारात तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढतो आणि मागे बसलेल्या पोरीही मग लाज सोडून गातात.

पण हीच ललिता हसली की हात पदराकडे आणि पदर तोंडावर. फोटो काढायची वेळ आली की ओठ असे आवळून घ्यायची की काढणारा विचारायचा, "काकू, राग आला का?"

राग कशाचा, दात. वरच्या समोरच्या दोन दातांत फट होती, ती जन्माची. त्यातल्या उजव्या दाताच्या टोकाला खाच पडलेली होती, ती कमाईची. लग्न होऊन आली तेव्हापासून मशीन चालवते. दोरा संपला की खाली वाकायचं, कच्चकन दातानं तोडायचा. कात्री हाताशी असली तरी तोंड जवळ. आणि तिसरी गोष्ट रंग. तो गुडाखूचा. गुळात कालवलेली काळी तंबाखू, लहानशा डबीत मिळते. सकाळी बोटावर घेऊन दातांवर फिरवली की डोकं कसं हलकं होतं, असं घासणाऱ्या बाया सांगतात. ललिताच्या मायनं तिला दाढ दुखली तेव्हा पहिल्यांदा लावून दिली. दाढ राहिली नाही, गुडाखू राहिली.

तिची मैत्रीण अलका तिला भर विहारात टोचायची. "पाचवं शील सगळ्यात जोरात तूच म्हनते वं, अन् कमरेले डबी खोसून. नशेपासून दूर राहतो म्हनाले लाज नाही वाटत का?"

"ते नशा नोहोय, मंजन होय," ललिता म्हणायची. पण म्हणताना तिची नजर खाली असायची.

यंदा ललितानं ओसरी सोडून रोडवर गाळा घेतला. नागपूर–रायपूर रोड, समोर ढाबा, बाजूला मोबाइलचं दुकान. इतकी वर्षं पडवीत शिवलेल्या बाईला शटर असलेलं दुकान मिळणार म्हणून घरदार हवेत होतं. तिच्या भावाचा मुलगा प्रफुल्ल फ्लेक्स छापतो. तो मोबाइलवर नमुना घेऊनच आला. "आत्या, हे पाहा. 'ललिता लेडीज टेलर्स'. इथं तुमचा फोटो. मोठा. हसता."

"ब्लाउजचा टाक ना गा फोटो."

"ब्लाउज तं सगळेच टाकतात. चेहरा पाहून बाई आत येते. माणूस हसला पाहिजे त्याच्यात."

"अन् ट्रकवाले? तेही पाहतीन ना."

"पाहतीन तं ब्रेक मारतीन," प्रफुल्ल म्हणाला आणि ललिता पदर तोंडाला लावून हसली. प्रफुल्लनं तेवढ्यात फोटो काढला. त्यात नुसता पदर आला.

त्या संध्याकाळी ललिताची मुलगी प्राची, जी गोंदियाला नर्सिंग शिकते आणि शनिवारी घरी येते, तिनं आईचा एक जुना फोटो घेतला, मोबाइलमध्ये काहीबाही केलं आणि स्क्रीन आईसमोर धरली. स्क्रीनवर ललिताच होती. तेच नाक, तेच कुंकवाविना मोकळं कपाळ, तोच हिरवा काठ. पण ओठ उघडे होते आणि आत पांढऱ्याशुभ्र दातांची सरळ ओळ.

"अगो माय!" ललिता म्हणाली. मोबाइल हिसकावून ती मागच्या अंगणात गेली, तांदूळ निवडायच्या सुपाशेजारी उकिडवी बसली आणि पाहत राहिली. छातीत असं धडधडत होतं जसं कोणी स्थळ घेऊन आलंय. वीस वर्षांची असताना आपल्याला कोणी असं पाहिलं असतं तर? आणि आताही काय बिघडलंय? शेहेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे.

"हे असं खरंच होते का वं?" तिनं आत येऊन विचारलं.

"होते. व्हेनियर म्हणतात. दाताच्या वरून पातळ कवच चिकटवतात, नखाएवढं."

"म्हंजे दाताले अस्तर."

"अस्तर आतून असते आई."

"मंग लेस समज. मले लावून पाहिजे."

यादोराव, ललिताचे मालक, राइस मिलमध्ये मशीनवर असतात. दिवसभर मिलच्या आवाजात राहून घरी आल्यावर ते कमी बोलतात, पण बोलले की आडवंच. ते जेवता जेवता म्हणाले, "मले तं तू आहे तशीच चांगली दिसते."

"तुमाले जवळचं दिसत नाही जी. चष्मा काऊन लागला मंग?"

"दुरून म्हनून राहिलो. मी दुरूनच पाहतो, सुरक्षित असते."

प्राची खोकत हसली. पण ललितानं ठरवलं ते ठरवलं. भिशी नुकतीच उचललेली होती, तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता.

सोमवारी सकाळी ललितानं बुद्धांसमोर मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं, आणि मग एखाद्या नवरीच्या घरी निघाल्यासारखी तयारी केली. डोक्याला तेल, अंगावर स्वतः पिको केलेली साडी, हातात पिशवी. गुडाखूही रोजच्यासारखी घासली, आणि मग आठवलं की आज कुठं चाललोय. तेव्हा तीन वेळा चूळ भरली. प्राचीनं दोन दिवस सुट्टी काढली होती, तिच्यासोबत बसनं गोंदियाला.

डॉक्टर चंचल बिसेन. वय प्राचीहून थोडं जास्त, डोळ्यांवर मोठा चष्मा, दवाखाना बाजाराच्या रस्त्यावर, खालच्याच मजल्यावर. मराठीत सुरू करायच्या आणि मध्येच हिंदीत घसरायच्या, जसं गोंदियात सगळेच करतात.

"आंटी, बड़ा मुँह खोलिये. हां, बस." त्यांनी लहानसा आरसा आत घातला, थांबल्या, पुन्हा पाहिलं. "ही खाच... तुम्ही शिलाई करता का?"

ललितानं तोंड उघडं ठेवूनच प्राचीकडे डोळे वटारले, तू सांगितलं का म्हणून. प्राचीनं मान हलवली.

"तुमाले कसं समजलं?" तोंड मोकळं झाल्यावर ललितानं विचारलं.

"आमच्या पुस्तकात असते ना ही. टेलर लोकांच्या दाताला होते, दोरा तोडून तोडून. फोटो पाहिला होता, असली आज पहिल्यांदा पाहून राहिले."

"ऐकलं का वं प्राची," ललिता म्हणाली, "माझा दात पुस्तकात आहे." अर्धी लाज तिची तिथंच उतरली.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आणि घाई केली नाही. समोरच्या सहा दातांवर बसवता येईल. रंग, फट, खाच, सगळं एका वेळी झाकलं जाईल. दिसायला सुंदर होतं, यात शंका नाही. पण त्यासाठी प्रत्येक दाताचं वरचं आवरण थोडं घासून काढावं लागतं.

"घासलेलं मंग परत येते?"

"नहीं आंटी. ते नाही येत. एकदा घासलं की त्या दातावर जन्मभर काही ना काही लावूनच ठेवावं लागते. आणि लावलेलं पण कायमचं नाही. दहा-पंधरा वर्षांनी बदलवावं लागते, कधी आधी पण. सुपारी नाही फोडायची, हाड नाही चावायचं. दोरा तं बिलकुल नाही."

"दोरा बिलकुल नाही," ललितानं शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं.

"आणि एक. हिरड्यांतून रक्त येऊन राहिलं आहे. गुडाखू?"

ललिता छताकडे पाहू लागली. छताला पंखा होता, तो फिरत होता.

"ती बंद करावी लागेल. हिरड्या ठीक झाल्याशिवाय मी हात नाही लावणार. बाकी तुमचे दात मजबूत आहेत, हे मी आधीच सांगून देते. करा म्हणून पण नाही म्हणत, नका करू म्हणून पण नाही. सोचिये."

हे सगळं ललितानं ऐकलं. पण तिची नजर डॉक्टरांच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या जबड्यावर होती. त्याचे दात कसे मोगऱ्याच्या कळ्यांसारखे एका रांगेत. आणि मनात प्राचीच्या मोबाइलमधली ती बाई. ती बाई तिला बोलवत होती.

"मॅडम," ललिता म्हणाली, "आमच्यात नवरीचं ब्लाउज असलं की आमी एकदम पक्कं नाही मारत. कच्ची शिलाई मारतो, अंगावर घालून पाहतो, मंग ठरते. तुमच्यात ट्रायल नाही देत का?"

डॉक्टर चंचल खुर्चीत मागे रेलून हसल्या. "देतो ना! बहोत लोग पूछते ही नहीं. मी दात न घासता वरून मसाला लावून देते, दाताच्याच रंगाचा. पक्का नाही, कच्ची शिलाईच समजा. आज घाला, घरी दाखवा, उद्या या, काढून देईन. बस, त्यानं काही तोडू नका."

मग अर्धी दुपार ललिता त्या खुर्चीत आडवी होती. डॉक्टर लहानशा पात्यानं मसाला लावत होत्या, दाबत होत्या, निळ्या उजेडानं कडक करत होत्या. ललिताला ते काम आवडलं. पोरीचा हात हलका होता आणि कडेला आली की श्वास रोखत होती. कडेला श्वास रोखणारा माणूस कामाचा, हे ललिताला ठाऊक होतं.

"देखिये."

आरसा समोर आला. ललितानं आधी ओठ मिटूनच पाहिलं. मग हळूच, जसं भांड्यावरचं झाकण काढून पाहतात तसे उघडले.

ललिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते पाहून प्राचीच्याही आलं. मग ललिता हसली, त्यामुळे आरशातली बाई हसली, ती इतकी छान हसली की ललिताला आणखी हसू आलं. असं दोघींचं बराच वेळ चाललं.

परतीच्या बसमध्ये तर विचारू नका. कंडक्टरनं तिकीट विचारलं तर ललितानं दात दाखवत गावाजवळचा फाटा सांगितला, "कोहमारा, दोन." वाटेत गोरेगावला एक बाई चढली, तिच्या कडेवरच्या बाळानं जीभ काढून दाखवली आणि ललिता खळखळून हसली. बाजूच्या सीटवरचे दोन म्हातारे वळून पाहू लागले. प्राचीनं कोपरखळी मारली. "आई, हळू."

"काऊन हळू? इतके वर्ष हळूच हसली ना."

एकच गोष्ट खटकत होती. जीभ सारखी जाऊन समोर अडकायची, जसं नव्या घरात उंबरठ्याला पाय लागतो. फट बुजल्यामुळे 'स' म्हणताना वाऱ्याला कुठून जावं ते कळत नव्हतं. पण होईल सवय, ती मनात म्हणाली.

यादोराव दारातच खाट टाकून बसले होते, मिलची पाळी सकाळची होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कोन पाहिजे बाई तुमाले? शिवनारी बाई इथंच राहते, पन ते गोंदियाले गेली आहे."

"अजी, सांगा ना, कशी दिसते?"

यादोराव थोडा वेळ खरंच पाहत राहिले. "चांगली दिसते," ते म्हणाले. "खरंच चांगली दिसते. पन चहा कोनी कराचा, तिनं की तुवं?"

तेवढ्यात अलका आली. उद्या तिच्या पुतण्याचं लग्न नवेगावला, आणि तिच्या ब्लाउजला हुक लागायचे राहिले होते. ती आत आली ती तावातावानं, "तू गोंदियाले हिंडून राहिली अन् माझं ब्लाउज..." आणि तिथंच थांबली. ललिताच्या हनुवटीला हात लावून तिनं तोंड उजेडाकडे वळवलं, जसं बाजारात पपई पाहतात.

"बापा! टीव्हीतली बाई झाली तू तं. हे कितीक दिवस राहते?"

"हे उद्यापर्यंत. कच्चं आहे. पक्कं बसवीन तं मंग राहीन."

"पक्कं म्हंजे कसं?"

ललितानं मशीनवर बसता बसता सगळं सांगितलं. दात घासतात, माप घेतात, बसवतात. सांगताना तिच्या आवाजाला उकळी फुटत होती. फ्लेक्सवर कशी दिसेल, गाळ्याच्या उद्घाटनाला कोणकोण येईल, कोणती साडी नेसायची, सगळं एकात एक. हात आपलं काम करत होते. पहिला हुक लागला, दुसरा लागला. अलका मध्ये मध्ये "हो ना", "खरं का" करत होती. तिसरा हुक लागला, गाठ बसली, आणि ललिता बोलता बोलता खाली वाकली आणि दोरा तोडला.

कच्च.

आवाज रोजचाच होता, पण त्यात आज आणखी एक आवाज होता. अलकाच्या मोरपंखी ब्लाउजवर पांढरं काहीतरी पडलं, साबुदाण्याएवढं.

दोघी त्याकडे पाहत राहिल्या.

"तुले लागलं का वं?" अलकानं विचारलं.

ललितानं जीभ फिरवली. खाच तिथंच होती, आपल्या जागी, जशी काही कुठं गेलीच नव्हती. बाजूचं कवचही हललं होतं. तिनं गिऱ्हाइकांच्या ट्रायलच्या आरशात पाहिलं. अर्धी टीव्हीतली बाई, अर्धी ललिता रामटेके. तिला रडू येईल असं प्राचीला वाटलं. पण ललिताच्या पोटातून हसूच आलं, मोठं, भसकन, आणि अलकाही हसायला लागली, आणि खाटेवरून यादोरावांचा आवाज आला, "आली का शिवनारी बाई परत?"

हसणं ओसरल्यावर मात्र ललितानं तो साबुदाण्याएवढा तुकडा तळहातावर घेतला.

"हे कच्चं होतं म्हनून," ती म्हणाली. "पक्कं असतं अन् तुटलं असतं, तं खाली घासलेला दात. तो तं गेलाच ना."

"मंग कात्री वापरजो. हात मोडले का तुहे?"

"वापरतो ना. हे पाह्य." ललितानं कात्री गळ्यात दोरीनं अडकवली आणि चौथा हुक घेतला. गाठ बसली. तिचं डोकं खाली जाऊ लागलं. "ए!" अलका ओरडली. डोकं वर आलं, हात कात्रीकडे गेला. पाचव्याला पुन्हा तेच. "ए ललिते!" सहाव्याला तर कात्री हातात असताना तोंड गेलं.

"शिकन मी," ललिता चिडून म्हणाली. "न शिकाले काय झालं? शिकता येते."

"येते. कोन नाही म्हनते? पन मले एक सांग. मी माझ्या मायची साडी घेऊन आली होती, ते जांभळी, डाग पडलेली. म्हनलं, काप इले अन् दोन ब्लाउज काढ. तू काऊन कापली नाही?"

"कापड चांगलं होतं. कायले कापाचं? मी म्हनलं, आधी धुऊन पाहू, डाग जाते का."

"गेला का?"

"गेला."

"मंग?" अलका म्हणाली, आणि ब्लाउज उचलून अंगाला लावून पाहू लागली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

ललिताच्या दृष्टीनं तो तिथं सुरू झाला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती खिडकीशी बसली. तिला ते पांढरे दात हवे होते, अजूनही हवे होते. उगाच नको म्हणून मन मारायचं नव्हतं. पण काल दुपारभर जो आनंद झाला तो नेमका कशाचा, हे ती उलटंपालटं करून पाहत होती. दातांचा होता, खरंच होता. आणि गोरेगावला तोंड भरून हसली त्याचाही होता. यातलं किती दाताचं आणि किती हसण्याचं, हे शिवण उसवून पाहावं तसं ती पाहत राहिली आणि दवाखान्याची पायरी चढेपर्यंत तिचं ठरलं.

डॉक्टरांनी उरलेला मसाला काढून टाकला. तुकड्याची हकीकत ऐकून त्यांना एवढं हसू आलं की हातातलं हत्यार बाजूला ठेवावं लागलं.

"मॅडम, कापू नका," ललिता म्हणाली. "माल चांगला आहे म्हनता ना तुमी? तं आधी धुवा. धुऊन कसं निघते ते पाहू. ते खाच तेवढी बुजवून द्याल, घासल्याबिना होत असन तं. नाहीच पटलं तं व्हेनियर कुठं पळून चालले?"

"एकदम सही आंटी. खाच भरता येते, दात न कापता. पण गुडाखू चालू राहिली तं भरलेलं पण काळं होईल, आणि धुतलेलं पण."

"ते माहीत आहे मले," ललिता म्हणाली. आणि यावेळी तिनं छताकडे पाहिलं नाही.

दात धुणं म्हणजे बारीक पाण्याची धार आणि कानात मिलसारखी घरघर. थुंकीत रक्त आलं, काळे खडे आले. जबडा आंबून गेला. खाच मात्र त्या दिवशी भरली नाही. हिरड्या आधी बऱ्या होऊ द्या, डॉक्टर म्हणाल्या, मग या.

मधले दिवस सोपे नव्हते. सकाळी उठलं की बोट आपोआप वळायचं. डोकं चढायचं, एकदा तर तिनं मशीनलाच शिव्या दिल्या. बडीशेप भाजून डबीत भरली आणि तीच तोंडात टाकत राहिली. यादोराव दुरूनच फिरले. अलका रोज सकाळी फाटकाशी येऊन "ए ललिते, तोंड दाखव" म्हणायची आणि वास घेऊन जायची. प्रफुल्लचा फोन आला की फ्लेक्स कधी छापू, तर ललिता म्हणाली, "थांब ना गा. कपडा धुवाले टाकला आहे, वाळू तं दे." प्रफुल्लला काही समजलं नाही. पण पौर्णिमेला विहारात पाचवं शील म्हणताना तिची नजर समोर होती, आणि आवाज असा चढला की अलकानं मांडीला चिमटा काढला.

मग ती पुन्हा गोंदियाला गेली. डॉक्टरांनी हिरड्या दाबून पाहिल्या, रक्त नाही. त्या खूश झाल्या आणि पेटीतून नमुन्याचे लहान लहान दात काढले, एका पट्टीवर ओळीनं लावलेले, पांढऱ्यापासून पिवळसरापर्यंत. खाच भरायची तर दाताच्या रंगाचाच मसाला हवा. त्यांनी एक नमुना ललिताच्या दाताशेजारी धरला.

"ये वाला. बरोबर लागते."

ललितानं आरशात पाहिलं. तिचा स्वतःचा दात, धुतलेला. मोबाइलमधल्या बाईसारखा पांढरा नव्हता. नव्या तांदळासारखा होता, किंचित दुधी. इतकी वर्षं हा खाली होता, आणि तिनं कधी पाहिलाच नव्हता. तिला पुन्हा तसंच धडधडलं, स्थळ आल्यासारखं.

"फट पण भरू का आंटी? मसाल्यानं होते, कापायचं काम नाही."

"ते राहू द्या. सुई कुठं धरू मंग?"

डॉक्टर चंचलच्या हातून पट्टी पडता पडता राहिली. "सुई?"

"मस्करी केली वं माय. राहू द्या, 'स' म्हनाले लागते ते." मग ती नमुन्याकडे डोळे बारीक करून पाहू लागली. "पन हा रंग नाही लागत. ट्यूबलाइटात फसवते. आमी मॅचिंगचा दोरा कधी दुकानात नाही पाहत, बाहेर उजेडात नेऊन पाहतो. दाराशी चला."

"सही है. आम्हाला पण दिवसाच्या उजेडातच बघायला शिकवलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण बाहेर रस्ता आहे आंटी, लोक..."

ललिता खुर्चीतून उतरलीच होती. गळ्यात हिरवा कागदी रुमाल तसाच, ती दवाखान्याच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, बाजाराच्या तोंडाशी, आणि उन्हाकडे मान करून तिनं तोंड उघडलं. पूर्ण. डॉक्टर पट्टी घेऊन मागोमाग आल्या. एक नमुना लावला. "नाही," ललिता उघड्या तोंडानंच घशातून म्हणाली. दुसरा लावला. तो थोडा गडद होता. हातातल्या आरशात तिनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

समोरून जाणारी ई-रिक्षा हळू झाली. चालवणाऱ्यानं डोकं बाहेर काढलं. "क्या हो गया चाची? दांत दुख रहा क्या?"

"दुखत नाही गा बाबू," ललिता त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "मॅचिंग पाहून राहिली!" आणि तिनं दुसऱ्या नमुन्यावर बोट ठेवलं.